टोफिनो बंद झाली, रॅकमधल्या डब्याचं काय करायचं?

"सर, ही चिप बंद झाली ना? मग मी प्रोजेक्ट तिच्यावर कशाला करू?"

वाळपईहून रोज बसने फोंड्याला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने लॅबच्या दारात उभं राहून टोफिनोबद्दल हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते सापडायला दोन पावसाळे गेले. या काळात काय केलं, कुठे आपटलो आणि पुन्हा करायचं झालं तर कोणत्या क्रमाने करीन, ते इथे लिहितोय. टोफिनो म्हणजे नेटवर्कच्या स्विचमध्ये बसणारी, आपल्याला प्रोग्राम करता येणारी चिप; ती ज्यात बसते त्या स्विचला आम्ही डबा म्हणतो. तुमच्याकडे टोफिनोचा स्विच असेल किंवा कुणी जुना स्वस्तात देऊ करत असेल, तर उपयोग होईल.

आधी, झालं काय?

बेअरफूट नेटवर्क्स ही कंपनी २०१३ साली सुरू झाली. स्टॅनफर्डचे प्राध्यापक निक मॅकिओन तिच्या संस्थापकांपैकी एक. २०१४मध्ये पी४ या, स्विच प्रोग्राम करायच्या भाषेचा शोधनिबंध आला आणि २०१६मध्ये कंपनीने टोफिनो चिप जाहीर केली. तोपर्यंत स्विचच्या चिपला कोणते हेडर (पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, सुरुवातीची माहिती) कळणार हे कारखान्यातच ठरायचं. नवा प्रोटोकॉल आला की नव्या चिपची वाट बघत बसा. टोफिनोचं म्हणणं होतं की हेडर तुम्ही सांगा, टेबलं (कोणत्या पॅकेटचं काय करायचं त्या नियमांच्या याद्या) तुम्ही आखा, वेग आम्ही कमी होऊ देणार नाही. वेग म्हणजे सेकंदाला ६.५ टेराबिट. २०१९च्या जूनमध्ये इंटेलने बेअरफूट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. दुसरी टोफिनो १२.८ टेराबिटची होती.

मग २६ जानेवारी २०२३ला, तिमाही निकाल सांगताना, इंटेलने जाहीर केलं की नेटवर्क स्विचिंगमध्ये यापुढे गुंतवणूक नाही. आहेत त्या ग्राहकांना आधार देत राहू. त्या तिमाहीत कंपनी तोट्यात होती आणि २०२३मध्ये ३ अब्ज डॉलरचा खर्च कमी करायचा होता. ऑप्टेन मेमरीचा धंदा तर आधीच्या जुलैतच गुंडाळायला घेतला होता. समोर ब्रॉडकॉम या प्रतिस्पर्धी कंपनीने ऑगस्ट २०२२मध्ये ५१.२ टेराबिटची टॉमाहॉक ५ आणलेली. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांना टेराबिट हवे होते आणि वीज कमी जाळणारी चिप हवी होती. स्विच स्वतः प्रोग्राम करायची हौस असलेले लोक आमच्यासारखे, म्हणजे खिसा रिकामा. इंटेलने २०११मध्येही फुलक्रम नावाची स्विच चिपवाली कंपनी घेतली होती. तीही शाखा पुढे वाढली नाही. त्यामुळे २०२३ची बातमी वाचून ज्यांना धक्का बसला, त्यांच्यात मी नव्हतो. वाईट मात्र वाटलं.

चिप आतून कशी चालते, एवढं तरी समजून घ्या

हे टाळून पुढे गेलात तर काय वाचवायचं आणि काय सोडायचं ते कळणार नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी घरात नेवऱ्या (करंज्या) करायला बायका ओळीने बसतात. एक पुरी लाटते, दुसरी चून (सारण) भरते, तिसरी कातणाने कड कापते, चौथी ताटात रचते. प्रत्येकीच्या हातात नेवरी ठरावीक वेळच राहते. कड कापून झाल्यावर "जरा चून कमी पडलं" म्हणून नेवरी मागे पाठवता येत नाही, कारण मागून पुढची आलेली असते. टोफिनोच्या पाइपलाइनमध्ये असे १२ टप्पे आहेत, टोफिनो २मध्ये २०. पॅकेट एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जातं, मागे येत नाही. फारच गरज पडली तर ते शेवटी बाहेर काढून पुन्हा पहिल्या टप्प्यात घालता येतं, पण तेवढी क्षमता खर्ची पडते. एका रजिस्टरला (चिपमधल्या आकडे साठवायच्या जागेला) एक पॅकेट एका फेरीत एकदाच हात लावू शकतं. लूप नाही, भागाकार नाही.

या अटी जाचक आहेत, आणि त्या शिकवतातही. टोफिनोवर प्रोग्राम बसवलेल्या मुलाला "हे हार्डवेअरमध्ये का होत नाही" ते वेगळं समजवावं लागत नाही.

पहिलं काम: डिस्कची नक्कल

चिप बंद झाल्याची बातमी आली की माणसं चिपची काळजी करतात. चिप सहसा जात नाही. डब्यात चिपशेजारी एक साधा एक्स८६ कॉम्प्युटर असतो आणि त्यात एक छोटी एसएसडी. जाते ती एसएसडी. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टम, चिपचे ड्रायव्हर, डबा बनवणाऱ्याने दिलेलं बोर्ड सपोर्ट पॅकेज आणि तुम्ही चार वर्षांत हाताने केलेले पन्नास बदल असतात. ते बदल कुठेच लिहून ठेवलेले नसतात.

झाकण काढून आधी बघा, एसएसडी एम-डॉट-टू आहे की एमसाटा. त्याच प्रकारची नवी आणा. लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, सगळ्या डिस्कची बिट-बाय-बिट इमेज काढा, ती नव्या एसएसडीवर उतरवा आणि *नव्या एसएसडीवरून डबा सुरू करून पोर्ट उठतात (चालू होतात) का ते बघा.* इमेज काढली म्हणजे काम झालं असं नाही. आमची पहिली इमेज अर्धीच निघाली होती. ती उतरवून पाहिली नसती तर कळलंही नसतं.

त्यानंतर लगेच ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. ही चूक माझी स्वतःची. चिपचा ड्रायव्हर हा कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, चढणारा तुकडा) असतो आणि तो ज्या कर्नलवर बांधला, त्याच्यावरच चढतो. शनिवारी रात्री लिनक्सने गुपचूप कर्नल बदलला, रविवारी वीज गेली, सोमवारी डबा नव्या कर्नलवर उठला. स्विचचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चिप शोधतोय, मॉड्यूल चढत नाही, चिप दिसत नाही. लॅबमधले सहाजण माझ्याकडे बघतायत. अर्धा दिवस हार्डवेअर गेलं असं समजून केबली हलवत होतो. शेवटी बूटच्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि दोन मिनिटांत सगळे पोर्ट हिरवे. कर्नलचं पॅकेज त्याच आवृत्तीला अडकवून ठेवा, आणि ती आवृत्ती डब्यावर स्टिकर लावून लिहा. हो, खरोखरचा स्टिकर.

दुसरं: सॉफ्टवेअर आणि त्याचे हक्क

टोफिनोचा एसडीके (तिच्यासाठी प्रोग्राम लिहायचा आणि चालवायचा सॉफ्टवेअर संच) बराच काळ कराराखालीच मिळायचा. तुमच्या संस्थेने सही केलेला करार कुठल्या फायलीत आहे ते शोधा. त्या प्रती मित्राला पेनड्राइव्हवर देणं हा करारभंग आहे, हे मुलांनाही सांगा.

चांगली बातमी अशी की जानेवारी २०२५मध्ये इंटेलने टोफिनोचं पी४ सॉफ्टवेअर मुक्त केलं. कंपायलरचा (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) टोफिनोसाठीचा भाग आता पी४च्या मुख्य कंपायलरच्या कोडमध्येच आहे, आणि बाकीचं 'ओपन पी४ स्टुडिओ' नावाने गिटहबवर आहे. चिपची हुबेहूब नक्कल करणारं मॉडेलही त्यात आहे. म्हणजे ज्याच्याकडे डबाच नाही तोही टोफिनोसाठी लिहिलेला प्रोग्राम बांधून, तीन टर्मिनल उघडून (एकात मॉडेल, दुसऱ्यात डेमन, तिसऱ्यात चाचणी) चालवून पाहू शकतो. बांधायला वेळ लागतो. आमच्या १६ जीबीच्या मशीनवर मेक-ला सगळे कोअर दिले तेव्हा मशीन स्वॅपमध्ये जाऊन बसलं. दोनच कोअर द्या आणि घरी जा, सकाळपर्यंत होतं.

क्रम मात्र पाळा. जुना चालता एसडीके जसा आहे तसा गोठवून ठेवा. मुक्त आवृत्ती आधी मॉडेलवर, आणि तिथे तुमचे सगळे प्रोग्राम चालले की मग दुसऱ्या एसएसडीवर, खऱ्या डब्यात. जुन्यावरच नवं चढवू नका.

डब्याचे पोर्ट उठवायला लागणारं बोर्ड सपोर्ट पॅकेज चिप कंपनीकडून येत नाही, डबा बनवणाऱ्याकडून येतं. ते आजच मागून घ्या. आम्ही ज्या विक्रेत्याकडून डबा घेतला, त्याला उशिरा फोन केला. "साहेब, ते डिपार्टमेंटच आता नाही," एवढंच उत्तर. आमचं नशीब म्हणून जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरात एक प्रत सापडली.

तिसरं: सुटे भाग आणि आपला पाऊस

मराठीत या चिपवर लिहिणारे फार नाहीत, आणि गोव्यातल्या दमटपणात ती सांभाळण्यावर तर कुणीच लिहिणार नाही. म्हणून थोडं सविस्तर.

पंखे आणि पॉवर सप्लाय हे दोन भाग झिजतात. दोन्ही चालू डब्यातून काढून बदलता येतात, म्हणून एकेक जादा घेऊन ठेवा. पण घेताना हवेची दिशा बघा. एकाच मॉडेलमध्ये हवा पुढून मागे नेणारे आणि मागून पुढे आणणारे असे दोन्ही प्रकार विकले जातात. उलट्या दिशेचा पंखा बसतो नीट, फिरतोही, फक्त डबा तापतो.

जादा भाग कपाटात नुसते ठेवू नका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे कनेक्टरचं काय होणार? हवाबंद पिशवी, आत सिलिका जेल, आणि दर मे महिन्यात जेल बदलायचं. रिकाम्या पोर्टना रबरी बुचं लावा. किनाऱ्याजवळ असाल तर खाऱ्या हवेमुळे हे दुप्पट महत्त्वाचं.

आणि पाल. हसू नका. बंद ठेवलेल्या डब्याची मागची बाजू तिला उबदार भिंत वाटते. आमच्या एका पॉवर सप्लायमध्ये ती शिरली आणि सकाळी वीज दिल्यावर फट्‌ असा आवाज झाला. त्यानंतर लॅब असिस्टंटने न वापरलेल्या स्लॉटला पत्र्याची झाकणं स्वतः कापून बसवली.

डबा चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. वीजमीटर लावून पाहिलं तर आमचा डबा अडीचशे वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला १८० युनिट. प्रयोग नसेल तेव्हा नीट शटडाउन करा. पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोन तास चालवा, म्हणजे आत कोरडं राहील.

चौथं: प्रोग्राम दुसरीकडे नेणं

खरा माल हा. डबा आज ना उद्या जाणार. प्रोग्राम गेला तर चार वर्षं गेली.

प्रत्येक प्रोग्रामला एकच प्रश्न विचारा: याला टोफिनोचा वेग लागतो की फक्त तिचं तर्कशास्त्र? आमचे अकरा प्रोग्राम होते. नऊ असे निघाले की त्यांना वेग कधी लागलाच नव्हता. मुलांनी सेकंदाला काही हजार पॅकेटं सोडून आलेख काढलेले.

ज्यांना फक्त तर्क लागतो ते बीएमव्हीटू या सॉफ्टवेअर स्विचवर न्या. तो साध्या लॅपटॉपवर चालतो, मिनिनेटमध्ये (एकाच मशीनवर आभासी नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसतो. वेग मोजायला तो नाही. फार कसून बांधला तरी एक गिगाबिटच्या आसपास दमतो. बरोबर-चूक बघायला उत्तम. भाषा तीच असली तरी टोफिनोची रचना आणि बीएमव्हीटूची रचना वेगळी आहे, आणि रूपांतरात जे खड्डे लागतात ते सहसा हेच:

टोफिनोत येणारी आणि जाणारी बाजू दोघींना स्वतंत्र पार्सर (पॅकेटचे हेडर वाचणारा भाग) असतो, इथे सुरुवातीला एकच. जाणाऱ्या बाजूच्या पार्सरमध्ये तुम्ही काही हुशारी केली असेल तर ती कंट्रोलच्या कोडमध्ये हलवावी लागते. चेकसमचं (पॅकेट बिघडलं का ते तपासायच्या बेरजेचं) काम टोफिनोत पार्सर आणि हेडर परत जोडणारा डिपार्सर यांच्या आत होतं, इथे त्यासाठी वेगळे ब्लॉक आहेत. रजिस्टर वाचणं, बदलणं, लिहिणं टोफिनोत एकाच अविभाज्य क्रियेत होतं, मध्ये दुसरं पॅकेट शिरत नाही. इथे वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं, म्हणून मधल्या कोडला अविभाज्यतेचं बंधन स्वतः घाला.

पोर्ट क्रमांक. हा सगळ्यात फालतू आणि सगळ्यात वेळखाऊ त्रास. डब्याच्या तोंडावर लिहिलेला पोर्ट १ चिपला आत भलत्याच आकड्याने माहीत असतो. एका मुलाच्या कोडमध्ये १३२ हा आकडा सात ठिकाणी टाइप केलेला होता. तो पास होऊन पुण्याला गेलेला. आकडे एका फाइलमध्ये, नावं देऊन ठेवा.

आणि वेळ. टोफिनोचा टाइमस्टॅम्प नॅनोसेकंदात असतो, बीएमव्हीटूचा मायक्रोसेकंदात. दोन्ही ४८ बिटांचे, त्यामुळे कंपायलर हूं की चूं करत नाही. आमच्या एका प्रोग्राममध्ये एका मिलिसेकंदाची खिडकी होती, म्हणजे १०,००,००० नॅनोसेकंद. तोच आकडा बीएमव्हीटूवर गेला आणि खिडकी झाली एक सेकंदाची. पॅकेट मोजणारा काउंटर हजारपट उशिरा शून्य होऊ लागला आणि प्रत्येक फ्लो (एकाच जोडणीच्या पॅकेटांचा प्रवाह) "भारी" ठरू लागला. मी दोन दिवस हॅशमध्ये चूक शोधत होतो. तिने, त्या वाळपईच्या मुलीने, दोन लागोपाठच्या पॅकेटांचे टाइमस्टॅम्प वहीत एकाखाली एक लिहून वजाबाकी केली आणि म्हणाली, "सर, तीन शून्यं कुठे गेली?"

उलट दिशेने, बीएमव्हीटूवर आधी लिहून मग टोफिनोवर नेणं, हे चढावर गाडी ढकलण्यासारखं. सॉफ्टवेअर स्विच गुणाकार करू देतो, एकच रजिस्टर चारदा वाचू देतो, आणि ते सगळं चिपच्या १२ टप्प्यांत बसत नाही. म्हणून टोफिनोचा मुक्त कंपायलर, डबा मेल्यावरही, शिस्तीसाठी वापरत राहा.

वेग लागणारे दोन प्रोग्राम

इथे गणित करा. १०० गिगाबिटच्या एका पोर्टवर ६४ बाइटची पॅकेटं भरून आली तर सेकंदाला १४.८८ कोटी पॅकेटं होतात. एक्सडीपी म्हणजे पॅकेट कार्डावरून आल्या आल्या हाताळायची लिनक्समधली सोय. तिचा २०१८चा शोधनिबंध एका कोअरवर २.४ कोटी पॅकेटं नुसती टाकून देण्याचा आकडा देतो. म्हणजे काही न करता फेकायलाच सहा-सात कोअर, आणि तेही एका पोर्टसाठी. आमच्या डब्याला असे ३२ पोर्ट आहेत. ती जागा सर्व्हर भरून काढणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

पण खरी पॅकेटं ६४ बाइटची क्वचितच असतात, आणि आपल्या कॉलेजांत १०० गिगाबिट भरून वाहणारी लाइन कुठे असते? १० किंवा २५ गिगाबिटचं काम एक्सडीपीवर आरामात निभतं. पी४च्या कंपायलरला ईबीपीएफ (एक्सडीपी ज्यावर चालतं ते) आणि डीपीडीके (कर्नल टाळून पॅकेट हाताळायची लायब्ररी) या दोन्हींसाठी कोड काढता येतो, पण आम्ही एक प्रोग्राम सी-मध्ये हातानेच लिहिला. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वेगासाठी प्रत्येक कोअरचा वेगळा मॅप (मोजणी साठवायचं टेबल) घेतलात तर एकाच फ्लोची मोजणी कोअरांत वाटली जाते. बेरीज वरच्या प्रोग्रामने करायची. चिपवर ही भानगड नव्हती.

पैसे असतील तर पी४ समजणारी नेटवर्क कार्डं आहेत. एएमडीने २०२२मध्ये घेतलेल्या पेन्सँडोची आहेत, इंटेलची स्वतःची आयपीयू ई२००० आहे. एएमडीच्या अल्व्हिओ एफपीजीए (आतलं सर्किट बदलता येणारी चिप) कार्डावरही पी४ चालवता येतं. स्विचमध्ये सिस्कोची सिलिकॉन वन पी४वरच बेतलेली आहे, आणि ब्रॉडकॉमच्या ट्रायडंट ४साठी एनपीएल नावाची वेगळी भाषा. यातलं काहीही टोफिनोच्या जागी तसंच बसत नाही. कार्ड म्हणजे दोन पोर्ट, स्विच नव्हे.

कंट्रोल प्लेन: थोडक्यात

कंट्रोल प्लेन म्हणजे चिपची टेबलं बाहेरून भरणारं सॉफ्टवेअर. ती भरणारा पायथन कोड जर थेट टोफिनोच्या बीएफ-रनटाइमला (टोफिनोशी बोलायच्या तिच्या खास इंटरफेसला) चिकटलेला असेल तर मध्ये एक पातळ थर घाला: नोंद घाल, काढ, काउंटर वाच, एवढीच फंक्शनं. खाली टोफिनोसाठी बीएफ-रनटाइम, बाकी सगळीकडे पी४रनटाइम हा सामायिक इंटरफेस. आमचा हा थर दोनशे ओळींचा आहे आणि एका दुपारी झाला.

जुना डबा घ्यावा का?

स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी मागा: पूर्ण बूट लॉग, बोर्ड सपोर्ट पॅकेजची प्रत, आणि सगळे पोर्ट उठलेले दिसतील असा व्हिडिओ. "चिप चालू आहे" याला अर्थ नाही, पोर्ट उठायला हवेत. पाइप (चिपमधल्या समांतर पाइपलाइन) दोन की चार तेही विचारा, कारण ३२ पोर्टांचे बरेच डबे दोन पाइपांचेच असतात. बोर्ड सपोर्ट पॅकेज नसेल तर सौदा सोडा, किंमत काहीही असो. शिकण्यासाठी मॉडेल फुकट आहे. ज्या लॅबला लाइन रेटवरचं, म्हणजे पोर्टच्या पूर्ण वेगावरचं, संशोधन खरंच करायचंय आणि एकाच्या जागी दोन डबे घेता येतात (दुसरा सुट्या भागांसाठी), तिने घ्यावा.

त्या मुलीने प्रोजेक्ट टोफिनोवरच केला. लिहिला मॉडेलवर, वाळपईच्या घरी, मोठ्या भावाच्या लॅपटॉपवर. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी येऊन डब्यावर चढवला. पहिल्याच प्रयत्नात बसला नाही, एक टेबल तेराव्या टप्प्यात जात होतं. तिने दोन टेबलं एकत्र केली आणि बारात बसवलं. मोजणीचे आकडे उतरवून घेतल्यावर आम्ही डबा नीट शटडाउन केला, पोर्टना बुचं लावली आणि सिलिका जेलच्या नव्या पुड्या आणायची चिठ्ठी असिस्टंटला दिली.